खालच्या पायरीवरचा प्रेक्षक



१९३२ साली आपल्या गावात, कोल्हापुरात, एक बोलपट दोनदा काढला गेला. प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा'. सेट एकच, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, तारामती दुर्गाबाई खोटे, दिग्दर्शक व्ही. शांताराम. पण एक प्रसंग मराठीत घेऊन झाला की तीच माणसं त्याच वेषात पुन्हा उभी राहायची आणि तोच प्रसंग हिंदीत बोलायची. 'आलमआरा' येऊन वर्षही उलटलं नव्हतं. आवाज आणि चित्र एकाच वेळी टिपावं लागे, मागून दुसऱ्या भाषेतला आवाज चिकटवायची सोय नव्हती. मूकपट होते तोवर सगळं स्वस्तात भागत होतं. चित्राच्या मध्ये येणारे मजकुराचे फलक दोन-तीन लिप्यांत लिहिले की तोच सिनेमा पुण्यातही चाले आणि उत्तरेतही. माणसं बोलू लागली आणि प्रेक्षक तुटला. तो पुन्हा जोडायला प्रभातनं मेहनत दुप्पट केली.

कंपनी १९३३ मध्ये पुण्याला गेली, पण ही सवय बरोबर घेऊन गेली. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. शेवटच्या जोडीत तर नटही बदलला. मराठीत केशवराव दाते होते, हिंदीत त्यांच्या जागी मझहर खान आले. गजानन जागीरदार दोन्हीकडे. म्हणजे हिंदी प्रेक्षकाला मराठीतलं उरलंसुरलं वाढलं नाही. त्याच्यासाठी कॅमेरा पुन्हा चालवला.

वेगवेगळ्या प्रेक्षकांसाठी एकच चित्र पुन्हा पुन्हा घडवायचं, हेच काम मी पोटासाठी करतो. त्याला एन्कोडिंग म्हणतात. कॅमेऱ्यातून निघालेलं चित्र फोनपर्यंत, टीव्हीपर्यंत जायचं तर ते दाबून लहान करावं लागतं, आणि एकदा नव्हे, पाच-सात वेगवेगळ्या आकारांत. बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. बाबूराव मूळचे मेस्त्री. विलायती कॅमेरा परवडेना म्हणून विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन त्यांनी इथंच कॅमेरा घडवला. तानीबाई कागलकरांनी पैसा घातला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीचे प्रसंग घेण्यासाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. यंत्र आपल्याला पुरत नसेल तर ते उघडून बघायचं, ही त्यांची रीत. आज आपल्या हातात आलेलं यंत्र कुणी उघडून बघत नाही, म्हणून मी ते आज तुमच्यासमोर जरा उघडतो.

आधी थोडा हिशेब. फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला की सेकंदाला १२४ कोटी बिट होतात. तासाभराचं चित्रण ५६० जीबी. एवढ्या वेगाचं इंटरनेट फार थोड्या घरांत येतं. प्रत्यक्षात हेच चित्र आपण सेकंदाला ४-५ मेगाबिटांत, ४-५ एमबीपीएसमध्ये बघतो, म्हणजे मुळाचा अडीचशे-तीनशेवा भाग. उरलेला सगळा वाटेत टाकून दिलेला असतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. काय टाकायचं आणि काय ठेवायचं, एवढंच या धंद्यातलं शहाणपण.

पहिली काटछाट रंगात होते. उजेड-अंधाराचा फरक डोळ्याला बारीक दिसतो, रंगाचा फरक ढोबळ. म्हणून चार ठिपक्यांना मिळून रंगाची माहिती एकदाच पाठवतात. दुसरी काटछाट काळात होते. समोरची दगडी भिंत गेल्या चित्रात होती, या चित्रातही आहे, तर ती पुन्हा कशाला पाठवायची? साधारण दोन सेकंदांत एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि मधल्या एकोणपन्नास चित्रांत फक्त काय हललं तेवढं सांगायचं. तिसरी काटछाट एकाच चित्राच्या आत. चित्राचे लहान चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनातले ढोबळ चढउतार आणि बारीक चढउतार वेगळे काढायचे, बारीक असतील ते गाळायचे. हे वेगळं काढायचं, कोसाइनवर आधारलेलं गणित नासिर अहमद यांचं. जन्म बंगळूरचा, १९४० चा. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेसाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. तरी काम पुरं केलं आणि १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह शोधनिबंध छापला. सकाळी तुमच्या फोनवर येणारा गुलाबाच्या फुलांचा जेपेग फोटो असो की आयपीएलचा सामना, सगळं त्या कोसाइन गणितावर किंवा त्याच्या वंशजांवर चालतं. मराठी शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकात हे नाव यायला हवं, असं मला फार वाटतं. असो.

आता एकच प्रत दाबून भागत का नाही? कारण प्रेक्षक एकसारखा नाही. ताराबाई पार्कात फायबरवर पंचावन्न इंची टीव्ही लावून बसलेला एक, गगनबावड्याच्या घाटात एसटीच्या खिडकीशी बसलेला दुसरा, न्यू जर्सीतली एखादी भाची तिसरी. म्हणून एकाच चित्रणाच्या वेगवेगळ्या आकाराच्या प्रती करतात. प्रतींच्या या उतरंडीला आमच्याकडे लॅडर, म्हणजे शिडी म्हणतात, आणि एकेका प्रतीला पायरी. नेटफ्लिक्सची जुनी शिडी या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे: तळाची पायरी ३२० बाय २४० ठिपक्यांची, २३५ केबीपीएसची; वरची फुल एचडी, ५८०० ची. तळाच्या पायरीवर तासाला साधारण १०६ एमबी जातात, वरच्यावर २.६ जीबी. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर वरच्या पायरीनं फुटबॉलचा सामना पाहायला बसलात तर पस्तीसाव्या मिनिटाला पॅक संपतो, हाफटाइम व्हायच्या आत.

ॲपलनं २००९ मध्ये एचएलएस आणलं, २०१२ मध्ये डॅश हे सर्वांसाठीचं मानक आलं. दोन्हींची युक्ती एकच. प्रत्येक पायरीचे चार-सहा सेकंदांचे तुकडे करून ठेवायचे. सगळ्या पायऱ्यांचे तुकडे नेमके एकाच क्षणी तुटले पाहिजेत. मग मघाचा तुकडा उतरायला किती वेळ लागला ते पाहून पुढचा कुठल्या पायरीचा मागायचा, हे फोन स्वतःच ठरवतो. सर्व्हरला तुमचा घाट, तुमचा बोगदा काही माहीत नसतो. चित्र मधेच धुरकट होतं आणि पुन्हा निवळतं, ते फोनची चढउतार चालू असल्यामुळे. अडकण्यापेक्षा धुरकट बरं, हा त्यामागचा निवाडा आहे आणि तो मला पटतो. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका क्षणी ५.९ कोटी लोक होते. शिडी नसती तर त्यातले कित्येक जण गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत बसले असते.

२०१५ च्या अखेरीस नेटफ्लिक्सनं मात्र स्वतःची ठरीव शिडी मोडली. लहान मुलांचं कार्टून आणि दाणेदार, अंधारा थरारपट यांना एकच माप लावणं वेडेपणाचं आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून प्रत्येक चित्रपटाची शिडी वेगळी मोजून ठरवतात. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय. कारण आपल्या गावातून जी चित्रं बाहेर जातात, त्यांचं माप कुणी घेतलेलं नाही.

शाहू स्टेडियमवरचा फुटबॉलचा सामना घ्या. पाटाकडील आणि खंडोबा, किंवा दिलबहार आणि प्रॅक्टिस, अशा इथल्या संघांचा. पायऱ्या भरलेल्या, खाली हलगी, वर कुणीतरी ट्रायपॉडवर कॅमेरा लावून यूट्यूबवर थेट दाखवतंय. ही पोरं हौसेनं करतात आणि त्यांच्यामुळे पुण्याला नोकरीला गेलेला, दुबईत असलेला, निपाणीत असलेला प्रेक्षक आपल्या तालमीच्या संघाला धरून राहतो. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं या गावातलं हे सगळ्यात मोठं प्रक्षेपण आहे. यात पायऱ्या करायचं काम यूट्यूब करतं. मैदानावरून एकच प्रवाह वर जातो आणि त्याच्या लहान प्रती तिकडच्या यंत्रावर होतात. त्यामुळे सगळ्यांचा समज असा की आपण फुल एचडी पाठवलं की आपलं काम संपलं.

चेंडू मोजून बघू. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. कॅमेऱ्याच्या चौकटीत मैदानाची ६० मीटर रुंदी येते असं धरा. १९२० ठिपके भागिले ६०, म्हणजे मीटरला ३२ ठिपके. चेंडू सात ठिपक्यांचा. दिसतो, छान दिसतो. तेच चित्र २४० ठिपके उंचीच्या पायरीवर ४२६ ठिपके रुंद होतं, चेंडू दीड ठिपक्याचा. १४४ च्या पायरीवर रुंदी २५६. तिथं चेंडू एक ठिपकाही भरत नाही. त्यात रंगाची माहिती चार ठिपक्यांना मिळून एकदाच. आणि मघाशी सांगितलं तसं, बारीक असेल ते गाळायचं हाच यंत्राचा धर्म. यंत्राच्या लेखी तो चेंडू म्हणजे चित्रातला कचरा. ते इमानदारीनं पुसून टाकतं. गावाकडच्या मावशींच्या फोनवर बावीस माणसं इकडून तिकडं पळताना दिसतात आणि कशामागे पळतात ते दिसत नाही.

यात आणखी एक चोर आहे, तो म्हणजे आपण. प्रेक्षक. पायऱ्यांवर बसलेली हजारो माणसं, त्यांचे रंगीत सदरे, उडवलेले कागद, हलणारे झेंडे. यंत्राला यातलं काहीच आधीच्या चित्रावरून ओळखता येत नाही. कॅमेरा चेंडूमागे डावीकडून उजवीकडे फिरला की मागची सगळी गर्दी सरकते आणि तळाच्या पायरीचे बहुतेक बिट त्या गर्दीवर उधळले जातात. खेळाडूंच्या वाट्याला चिंध्या. यावर यूट्यूबकडे इलाज नाही, कॅमेरावाल्याकडे आहे. कॅमेरा उंचावर न्या, इतका की चौकटीत मागची गर्दी न येता मैदानच येईल. मैदान एकसारखं दिसतं, ते यंत्राला स्वस्त पडतं. चौकट ६० मीटरची ४० करा, चेंडू दीडपट होईल. ट्रायपॉडचं डोकं तेल घातलेलं, संथ फिरणारं घ्या. कॅमेऱ्याच्या खरेदीत पैसे थोडे कमी घाला आणि ट्रायपॉडला लावा. चारचौघांत हे सांगितलं की लोक हसतात, पण मी सांगत राहणार आहे.

गुणफलकाचंही तसंच. फुल एचडीत ३० ठिपके उंचीची अक्षरं कोपऱ्यात ऐटीत दिसतात. २४० च्या पायरीवर ती सात ठिपक्यांचीही उरत नाहीत. त्या सात ठिपक्यांत देवनागरीनं शिरोरेषा बसवायची, वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार. 'खंडोबा'चा अनुस्वार आणि 'ओ'ची मात्रा एकमेकांत मिसळून जातात. इंग्रजी तीन अक्षरं तिथं कशीबशी तग धरतात, म्हणून बरेच जण तालमीचं नाव इंग्रजी आद्याक्षरांत टाकून मोकळे होतात. मी म्हणतो अक्षर दुप्पट करा, जाड करा, जाहिरातीच्या पट्टीतली जागा घ्या. जाहिरातदाराचं नाव तरी त्या पायरीवर कुणाला वाचता येतंय?

प्रभातची आठवण मला इथं होते. दुसऱ्या प्रेक्षकासाठी काय करायचं ते त्यांनी कॅमेरा चालवण्याआधी ठरवलं होतं. आपण मोठ्या पडद्यासाठी चित्र टिपतो आणि लहान पडद्यावरच्या माणसाला ते आक्रसून देतो. मी स्टेडियमवर जाणाऱ्या पोरांना एक साधी गोष्ट करायला लावतो. सामन्याच्या आधी दोन मिनिटं प्रवाह सोडायचा, आपल्याच फोनवर १४४ ची पायरी निवडायची आणि फोन हातभर लांब धरायचा. चेंडू दिसतो का, गुण वाचता येतात का, बघायचं. नसतील तर चौकट बदलायची. वरच्या पायरीवर चित्र चांगलं दिसेलच, त्याची चिंता नको. तळाला जे टिकतं ते वर टिकतंच. उलट होत नाही.

स्टेडियमवरून बाहेर जाणारी वाट हा वेगळा त्रास. हजारो लोक एका टॉवरखाली, प्रत्येक जण स्टेटसला व्हिडिओ चढवतोय, आणि त्याच टॉवरवरून थेट प्रक्षेपण वर जायचंय. चुरशीच्या सामन्याला नेमकी तीच वेळ नडते. शक्य तिथं शेजारच्या इमारतीतून वायर ओढून घ्यावी. ते होत नसेल तर १०८० चा हट्ट सोडून ७२० चा, निम्म्या बिटरेटचा स्थिर प्रवाह पाठवावा. वर पोचलेलं तुटकं एचडी कुठल्याच पायरीवर जोडता येत नाही.

आणि उशीर. स्टेडियमपासून किलोमीटरभर लांब, मंगळवार पेठेतल्या माळ्यावर बसून कुणी फोनवर सामना बघत असेल तर गोलाचा गलका त्याला हवेतून तीन सेकंदांत ऐकू येतो. फोनवर मात्र चेंडू अजून मध्यरेषेवर असतो. सहा सेकंदांचा तुकडा पुरा व्हायला हवा, फोन असे दोन-तीन तुकडे साठवल्याशिवाय खेळ सुरू करत नाही, त्याआधी दाबायला आणि पाठवायला वेळ. वीस-तीस सेकंद सहज जातात. तुकडे लहान करून हा उशीर कमी करता येतो, पण साठा कमी पडला की घाटातला प्रेक्षक अडकतो. पेठेतल्या प्रेक्षकाला गलका ऐकू येतोच आहे. मी साठा घाटातल्याच्या बाजूनं ठेवीन.

स्टेडियमवर अडचण होती ती फार हालचालीची. अंबाबाईच्या देवळातल्या किरणोत्सवात ती उलटी आहे. परंपरेनं ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतात आणि पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यावर, तिसऱ्या दिवशी मुखावर पोचतात, हवा स्वच्छ असेल तर. गाभाऱ्यात मोजकीच माणसं मावतात. बाकीचे सगळे आवारातल्या पडद्यांवर किंवा फोनवर बघतात. आपल्याकडे साडेपाच वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे सात. ऑफिसला निघायच्या आधी तिकडची मंडळी हात जोडून उभी असतात.

काहीच हलत नाही, म्हणजे यंत्राला सोपं, असं कुणालाही वाटेल. पण अंधारात कॅमेरा आपली संवेदनशीलता वाढवतो आणि चित्रात दाणे येतात. डोळ्याला ते जेमतेम जाणवतात. यंत्राला मात्र प्रत्येक दाणा नवी घटना वाटतो, कारण तो मागच्या चित्रात नव्हता आणि पुढच्यात नसणार. स्थिर गाभाऱ्यातल्या न हलणाऱ्या भिंतीवर बिटांचा पाऊस पडतो आणि मूर्तीच्या मुखावर खर्चायला काही उरत नाही. म्हणून एन्कोडरला देण्याआधी दाणे हलक्या हातानं निवळून घ्यावे लागतात. हलक्याच, जास्त केलं तर दागिन्यांची नक्षी मेणासारखी गुळगुळीत होते.

दुसरी पंचाईत छटांची. नेहमीच्या आठ बिटांच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत वापरायच्या पातळ्या फक्त २२०. अंधाऱ्या भिंतीच्या वाट्याला त्यातल्या चाळीसेक येतात. हजार ठिपके रुंद भिंतीवर प्रकाश हळूहळू उतरत गेला की चाळीस छटांचे पंचवीस-पंचवीस ठिपक्यांचे पट्टे स्पष्ट दिसू लागतात. किरण सरकायच्या ऐवजी पट्टे सरकतात. दहा बिटांच्या व्हिडिओत अशा पातळ्या ८७७, म्हणजे जवळजवळ चौपट बारीक उतरंड. तिथं हा त्रास जवळजवळ जातो. मात्र जुने फोन ते उलगडू शकत नाहीत. आठ बिटांतच राहायचं असेल तर उतरंडीत मुद्दाम किंचित दाणे पेरतात, म्हणजे पट्ट्यांच्या कडा विरतात. होय, आधी दाणे काढायचे आणि मग आपल्या मापाचे परत घालायचे. आमच्या धंद्यात असली कामं पुष्कळ आहेत आणि बिल लावताना ती समजावून सांगणं अवघड जातं.

तिसरं, प्रकाश वाढत असताना भिंत तीच असते, फक्त उजळते. साध्या एन्कोडरला ती संपूर्ण नवी भिंत वाटते. २००३ च्या एच.२६४ मानकापासून एक सोय आहे: मागचंच चित्र घे आणि अमुक पटीनं उजळ कर, एवढंच सांगायचं. बऱ्याच ठिकाणी वेगाच्या नावाखाली ती बंद ठेवलेली असते. किरणोत्सवासाठी ती चालू करावी. वर्षातले मोजकेच तर दिवस.

कोडेक म्हणजे चित्र दाबायची आणि उलगडायची पद्धत; त्यांच्या नावांचा गोंधळ मी लांबवत नाही. एच.२६४ जवळपास प्रत्येक फोनवर चालतं. २०१३ चं एचईव्हीसी निम्म्या बिटांत तेवढंच चित्र देतं, पण त्याच्या पेटंटांचा गुंता असा की ब्राउझरवाले बरीच वर्षं लांब राहिले. त्या जाचाला कंटाळून मोठ्या कंपन्या एकत्र आल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी एव्ही१ हे बिनरॉयल्टीचं मानक दिलं. ते आणखी काटकसरी आहे. पण ते उलगडणारी चिप फोनमध्ये नसेल तर फोन तापतो आणि बॅटरी बसते. गंमत अशी की ज्याला बिटांची काटकसर सगळ्यात जास्त हवी, त्याच्याच हातात जुना फोन असतो. त्यामुळे तळाच्या पायऱ्या एच.२६४ मध्ये कायम ठेवाव्या लागतात आणि त्या नीट घडवाव्या लागतात. नवं मानक आलं म्हणून तिकडं दुर्लक्ष करणारे सल्लागार मी बरेच पाहिले.

आवाजाबद्दल एक आग्रह. तळाच्या पायरीवर बिट वाचवायला लोक पहिला हात आवाजाला घालतात. चूक आहे. ६४ केबीपीएसमध्ये बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि चित्र धुरकट झालं तरी माणूस धरून राहतो. आयफोनच्या सुरुवातीच्या दिवसांत ॲपलची अटच होती की मोबाइल नेटवर्कवर लांब व्हिडिओ दाखवायचा असेल तर ६४ केबीपीएसची एक पायरी ठेवावी लागेल. एवढ्यात आवाज आणि फार तर एखादं स्थिर चित्र बसतं. खासबाग मैदानातली कुस्ती मी अशी ऐकली आहे. शंकरअण्णा पुजारींसारखा निवेदक असला की कुणी कुणाचा पट काढला, घिस्सा कुठं लागला, ढाक कुणी मारली, सगळं कानांनी दिसतं. फुटबॉलच्या प्रक्षेपणात मात्र निवेदकाचा माइक आणि मैदानाचा माइक एकाच तारेत कोंबलेले असतात आणि हलगी दोघांना गिळते. वेगळे ठेवा. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मराठी मजकूर वेगळ्या प्रवाहात द्या, चित्रावर भाजू नका. चित्रावर भाजलेली अक्षरं तळाच्या पायरीवर चित्राबरोबरच विरघळतात. वेगळी पाठवली तर फोन ती स्वतः मोठी आणि ठसठशीत उमटवतो, आणि खर्च नगण्य.

राहिली गोष्ट मूळ प्रतीची. मी सांगितलेली प्रत्येक पायरी ही काहीतरी टाकून देऊन केलेली आहे, आणि टाकलेलं परत मिळत नाही. यूट्यूबवरून उतरवून घेतलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे. दहा वर्षांनी नवा कोडेक आला की तो मुळाला लावायचा असतो, दाबलेल्याला पुन्हा दाबायचं नसतं. बाबूरावांचा 'सैरंध्री' आज कुणालाच बघता येत नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या सिनेमांचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अवशेष उरले. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्याच जुन्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या कोठारांना आग लागली आणि पुष्कळ जुन्या फिल्म जळाल्या, त्यांत प्रभातच्याही. जे सिनेमे आज दिसतात ते आधीच दुसऱ्या प्रतीवर उतरवून ठेवले होते म्हणून. आग आपल्याला परकी नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालेलं केशवराव भोसले नाट्यगृह कुणी विसरलेलं नाही. पाणीही परकं नाही, २०१९ आणि २०२१ चे पूर सगळ्यांनी पाहिले.

तेव्हा तालमींना आणि मंडळांना माझं सांगणं साध्या हिशेबाचं आहे. कॅमेऱ्यातल्या कार्डावर ५० एमबीपीएसनं टिपलेला दीड तासाचा सामना ३४ जीबीच्या आत बसतो. मोसमातले शंभर सामने धरले तरी साडेतीन टीबीच्या आत. चार टीबीची एक डिस्क पुरते. दोन घ्या. दोन्हींवर तेच भरा, तारीख आणि दोन्ही संघांची नावं फाइलच्या नावात लिहा, वर्षातून एकदा दोन्ही लावून फाइल उघडतात का बघा. एक डिस्क तालमीत ठेवा आणि दुसरी दुसऱ्या पेठेत, पूररेषेच्या वर असलेल्या कुणाच्या तरी घरी.